आत्यांचा काळा चष्मा

हसू नका, पण बायकोच्या आत्या घरी आल्या की चहा मीच करतो. त्यांचे उपकारच तसे आहेत.

लग्नाआधी आम्ही दोघंही शेवगावातच. स्मिताला लग्नाचं विचारायचं म्हणून मी नगरला, सावेडीतल्या एका चांगल्या हॉटेलात टेबल सांगून ठेवलं. पण तिला घरून एकटीला कोण सोडणार? तेवढ्यात आत्यांचं डोळे तपासायला नगरला जायचं निघालं आणि सोबत स्मिता. मी खूश! संध्याकाळी बघतो तर हॉटेलच्या दारातून काळा चष्मा लावलेल्या आत्या येतायत, त्यांचा हात धरून स्मिता.

"डोळ्यांत थेंब घातलेत," आत्या म्हणाल्या. "मला काय दिसत न्हाई. तुमी जेवा निवांत."

आता बोलायची सोय उरली नाही, पण दिसत नाही म्हटल्यावर मला धीर आला. गुपचूप अंगठी काढून स्मितापुढे धरली. तिने मान हलवली, हात पुढे केला. घाईघाईत मी कशीबशी घातली एकदाची. आत्या शांतपणे सूप पीत होत्या.

"खडा खालच्या अंगाला गेलाय," त्या म्हणाल्या. "फिरव."

माझा चमचाच पडला. "आत्या, तुम्हाला दिसतंय?"

"थेंब घालायला डॉक्टरकडं जावं लागतं. गेलोच न्हाई आमी. आता गोड मागव."

घरी पोचल्यावर स्मिताच्या वडिलांनी बहिणीला विचारलं, "डोळे कसे हायेत गं?"

"लई चांगले," आत्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी जावई हुडकून आणलाय."