फौजी जित्ता निघाला

उंब्रजच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"आवं मनुबाई, दुपारची मालिका बघत हुतासा न्हवं? त्यातला मेलेला फौजी परत आला."

"व्हय. आन् त्याला आता काय आठवत न्हाई म्हनं."

"तिरंग्यात गुंडाळून आणला हुता की."

"लिहिणाऱ्याच्या घरातलं कोण पलटणीत न्हाई, दुसरं काय. मी बारा दिवस गोड खाल्लं न्हाई त्याच्यापायी. तेराव्याला पुरणपोळी केली."

"मी तर त्यो आल्यापासनं बघायचीच सोडली."

"मीबी टीव्हीवर कापड टाकलंय. पर आमचं मालक रोज इचारत्यात."

"फौजी कसा हाय म्हणून?"

"न्हाई गं. परत कवा मरतोय म्हणून. पोळ्या लय आवडल्या हुत्या त्यास्नी."