धाकूचे शंभर कोटी, दाखल्यासकट

नाही, पण मी काय म्हणतो, माणसाने रिटायर झाल्यावर गप बसावं ना... पेपर वाचावा, भाजी आणावी, संध्याकाळी कट्ट्यावर बसून सरकारला शिव्या द्याव्यात. आमच्या जोगेश्वरीच्या चाळीतला धाकू, मरोळच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवून दहाची दहा बोटं शाबूत घेऊन बाहेर पडला, आणि नाद कसला लागला त्याला? दारू नाही, मटका नाही. नोटा. त्याही परदेशातल्या, आणि शून्यं मोजता मोजता चक्कर यावी असल्या. शहाऐंशी सालची गोष्ट, तुम्हाला सांगतो, आम्ही दहाची नोट मोडताना दोनदा विचार करायचो, आणि याच्या ट्रंकेत अर्जेंटिनाची दहा लाखांची नोट. खरी. दाखल्यासकट.

दाखला म्हणजे काय, तर अंधेरी स्टेशनबाहेर जिन्याखाली श्यामसुंदर नावाचा एक नोटांचा व्यापारी होता. तो प्रत्येक नोटेबरोबर टाइप केलेला कागद द्यायचा, 'सदर नोट तपासली असून अस्सल आहे', खाली जांभळा शिक्का, आणि सही अशी की कोंबडीने पाय पुसावेत.

तर या श्यामसुंदरकडून धाकूने जर्मनीची शंभर कोटी मार्कांची नोट घेतली. तेवीस साली तिकडे म्हणे पैशाची अशी वाट लागली होती की सरकारने जुन्या हजाराच्या नोटेवरच लाल शाईत आडवं 'शंभर कोटी' छापून टाकलं. किंमत रुपये नऊशे. कुठले नऊशे? गावच्या घराची कौलं बदलायला ठेवलेले. मुलाला पत्ता नाही. सुनेला, वनमालाला, तेवढं माहीत, कारण ट्रंकेवर गाद्या तीच रचायची. तिने विचारलं, "बाबानू, पावसाक कौलांचा काय?"

"अगो, रविवारी मुलुंडाक नोटांचा प्रदर्शन आसा. थय कोणय दुप्पट देतलो."

कोण देणार, का देणार... विचारायचं नाही. नोट आहे ना? दाखल्यासकट.

आणि खरं सांगू का, दुप्पट पैशाचं निमित्त होतं. तीस वर्षं धाकूला कोणी काही विचारलं नव्हतं, फोरमन सोडून. मुलुंडच्या हॉलमध्ये तो टेबलामागे उभा राहणार होता आणि चार शिकलेली माणसं त्याला 'काका, ही कुठली?' असं विचारणार होती. हे त्याच्या डोळ्यांपुढे महिनाभर नाचत होतं.

शनिवारी तो दाढी करायला निघाला, आणि जाता जाता बोलला, "नोट जरा मळकी आसा, नायतर झकास." आता हे बोलायची काय गरज होती? वनमाला कशी, तर शेजाऱ्याचं पायपुसणंसुद्धा मळकं दिसलं तर धुऊन टाकील. तिला वाटलं, सासरे चार लोकांत जाणार, असली नोट कशी नेतील? तिने लग्नातला शालू धुते तसं रिठ्याचं कोमट पाणी केलं, नोट बुडवली, हलक्या हाताने चोळली, पेजेची खळ दिली आणि दोन रुमालांच्या मध्ये ठेवून इस्त्री फिरवली. नोट कडक. पापडासारखी.

धाकू गुळगुळीत गालांनी परत आला. नोटेवर हजार होते. लाल काही नव्हतं. मोरीत गुलाबी पाणी.

तुम्हाला सांगतो, ओरडला असता तर बरं. तो पाटावर बसला आणि नोट उजेडात धरून दोन्ही बाजूंनी उलटसुलट केली. मग हळूच म्हणाला, "शंभर कोटी, वनमाला. मोरयेतसून गेले." ती पदराला नाक पुसत रडतेय, आणि याच्या हातात कागद, 'सदर नोट अस्सल आहे'. नोट गेली, दाखला शिल्लक.

रडता रडता ती थांबली. "बाबानू, एक विचारू? तुमच्या शर्टाच्या खिशात दर म्हयन्याक धाची नोट ऱ्हवता. मी ती धुतंय, वाळत घालतंय, तुम्ही बाजारात चालवतास. तिची शाई कदी गेली?"

धाकूने मान वर केली. लेथवरचा माणूस, चाक फिरायला वेळ लागतो, पण फिरलं की थांबत नाही. हजार टिकले, कारण ते छापलेले. आणि वरचे शंभर कोटी?

"रबरी शिक्को," धाकू म्हणाला आणि चपला शोधायला लागला.

दोघं अंधेरीला. श्यामसुंदर म्हणतो, "काका, धुलाई किया तो गॅरंटी खतम. अपुन ने असली दिया, कागज देखो." धाकू कागदच बघत बसला असता. वनमालाने काचेखाली तसलीच दुसरी नोट पाहिली. "तेवढी दाखवा." हातात घेतली, अंगठा ओला केला, घासला. अंगठा लाल. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना तिने अंगठा दाखवला, मत देऊन आल्यासारखा. एक गिऱ्हाईक लगेच पाकीट काढून म्हणतं, "ताई, जरा आमची पण बघा ना." दोन मिनिटांत नऊशे परत, आणि धाकूच्या हातात पडायच्या आत वनमालाने ते गावाला मनीऑर्डर केले.

रविवारी तरी धाकू मुलुंडला गेलाच. तिथले जाणकार विद्याधर, भिंगातून दोन्ही नोटा बघून म्हणाले, "अर्जेंटिनाची खरी, हे हजार मार्कही खरे. पण काका, ही एवढी ताठ कशी?" धाकूने सगळं सांगितलं. ऐकायला आणखी पाच जण आले, मग दहा. चार वेळा सांगितलं त्याने, हातवारे करून, आणि त्याच्या टेबलाभोवती जेवढी गर्दी झाली तेवढी कुणाच्याच नाही. नोटेकडे मात्र कोणी बघेना. विद्याधर म्हणाले, "साधी असती तर पंचवीस रुपये. खळ घातल्यावर फुकट नेणाराही विचार करील."

त्यानंतर घाटकोपरपर्यंतच्या व्यापाऱ्यांत बोभाटा झाला. धाकू दिसला की विचारायचे, सून बरोबर आहे का? असेल तर नोटा आत. नसेल तर ढीगभर बाहेर, दाखल्यासकट, पण सुनेशिवाय घ्यायची याची छाती होत नसे.

मग एक दिवस बघतो तर धाकू पोस्टाची जुनी पाकिटं पिशवीत भरून आणतोय. म्हटलं, "हे काय रे आता?"

"तिकिटा जमवतंय," तो बादली नळाखाली सरकवत म्हणाला. "निदान ती पाण्यात घालूचीच लागतत."