चूल मागे नको

नाही, जावईबापू, किल्ली तुमच्या खिशात असली तरी गाडी हलायची नाही. मी ही इथे बसले, ट्रेलरच्या दांड्यावर – आणि सासूला फरफटत नेण्याइतके शूर तुम्ही नाही. हसताय काय? उशीर होतोय? होऊ दे. कुरण काही खिंडीपलीकडून पळून जात नाही. चाकांवर दूध मीच शिंपडलं, दुवाही मीच मागितली, सगळं खरं – पण अल्लानं डोळे दिलेत ते कशाला? बघितलेत ते टायर? बाजूनं भेगा पडल्यात, माझ्या टाचांना पडतात तशा. हिवाळाभर ट्रेलर बर्फात उभा, खाली मेंढ्या बसायच्या, आणि आज तुम्ही थेट माझी लेक पेरिझात न् तान्ही नात घेऊन निघालात! चाक उचलून फिरवून पाहिलंत? मी पाहिलं. पहाटे नमाज झाल्यावर, तुम्ही घोरत होतात तेव्हा. डावं करकरतंय. वंगण कधी घातलं होतं? बघा, आठवतही नाही. तुमच्या घराण्यात घोड्याचे खूर दिवसातून चारदा बघतील, चाक वर्षातून एकदाही नाही. आणि मागचे दिवे – पेटतच नाहीत. खिंडीत मागून कोळशाचे ट्रक येतात, त्यांनी तुम्हाला काय वासावरून ओळखायचं?

आणि हे काय बांधलंय? पट्टा! साखळीच्या जागी तंबूचा विणलेला पट्टा! माझ्या सासूबाईंनी विणलाय, मजबूत आहे, वादळात तंबू धरून ठेवतो, सगळं मान्य – पण ट्रेलरची कडी गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावरून निसटली तर हा भरलेला ट्रेलर धरेल का तो? सुतळीसारखा तुटेल. साखळी गोठ्यात आहे, घेऊन या. एक नाही, दोन. खालून एकीवर एक तिरक्या टाकायच्या, म्हणजे दांडा पडला तरी त्यांच्यावर पडतो, रस्त्यात रुतत नाही.

आणि चूल. चूल शेवटी कुणी ठेवली? – पेरिझातनं? – उतरवा. आत्ताच्या आत्ता. हो, ठाऊक आहे, चूल शेवटी चढवायची, म्हणजे वर पोचल्यावर सगळ्यात आधी उतरते, आधी आग पेटते, मग बाकीचा संसार. मला रीत शिकवता? तिला मीच शिकवली ती. उंटावर लादायचे तेव्हा ठीक होतं, उंट कुरकुरतो, बसकण मारतो, सांगतो तरी. ट्रेलर सांगत नाही. ओतीव लोखंडाची चूल शेपटाला गेली की पुढचा दांडा हलका होतो, गाडीचं मागचं अंग वर उचलतो, आणि मग शेपूट हलायला लागते – आधी एवढीशी, मग एवढी – आणि उतारावर घाबरून ब्रेक दाबला की संपलं. जड ते चाकांच्या जरा पुढं ठेवायचं. – मला कसं माहीत? कसं म्हणजे – ह्यांनी सांगितलं होतं.

गेल्या वर्षी. ह्याच अंगणात. ह्यांनी चूल पुढंच ठेवली होती हो. मीच म्हटलं, विस्तव सामानाखाली गाडून नेता, अपशकुन करता? दोनदा समजावलं त्यांनी. मग मी रुसले, पाठ फिरवून उभी राहिले – तर बिचाऱ्यांनी सगळं सामान उतरवलं आणि चूल मागं नेली. मी मागच्या ट्रकमध्ये होते, मेंढ्यांबरोबर. ह्यांची गाडी पुढं, समोर दिसत होतं सगळं. ट्रेलर डावीकडे, मग उजवीकडे, मग डावीकडे – मग नुसता रस्ता.

नाही, तुम्ही बोलू नका. गाव म्हणालं, जावयानं दांड्याला केलेलं वेल्डिंग तुटलं. मी कुठं म्हटलं तसं? – मी काहीच म्हटलं नाही. पेरिझात तुमच्या वाटीत चहा ओतते आणि तोंड फिरवते, वर्षभर बघतेय मी. शुक्रवारी ह्यांच्या नावानं, वास त्यांना पोचावा म्हणून, तेल तापवते, कुराणातल्या आयती म्हणते, आणि तुम्ही समोर ओंजळ पसरून बसलेले – खाली मान घालून, जणू खरंच तुम्हीच – तुमचं वेल्डिंग शाबूत होतं. दरीत उतरून मी हात फिरवला त्याच्यावर. दांडा वाकला होता. तुमचा जोड नाही.

असे बघू नका माझ्याकडे. माफ केलं असंही म्हणू नका, ते ऐकायला मी इथे बसलेली नाही. वर्षभर तुमचा राग राग केला, आजही करतेय, सोपं पडतं मला. साखळ्या राहू द्या आत्ता. आत जा. बाळाला तुम्ही घ्या, पेरिझातला बाहेर पाठवा – तिला हे मीच सांगायचंय. आणि दार लावून घ्या आतून. – जा म्हणते ना!