बारा घरं आणि चाळीस मिनिटं

नाही, पण मला एक सांगा, चाळीस मिनिटं म्हणजे किती? चाळीसच ना? मग माझी रोजची चाळीस मिनिटं जातात कुठं? संध्याकाळी सॅक्सोफोन पेटीतून काढतो तेव्हा घड्याळात सात, परत ठेवतो तेव्हा सात चाळीस, मधे ओठ सुजलेले, शेजारच्या आजींनी भिंतीवर दोनदा थापटलेलं... आणि तरी गुरुवारी जॅझच्या सरांसमोर वाजवलं की सर शांतपणे डोळे उघडतात आणि विचारतात, "या आठवड्यात वेळ नाही मिळाला वाटतं?" वेळ नाही मिळाला! अहो, सातही दिवस फुंकलंय!

आणि हे कुणाला? मला! माझं काम काय, तर वजनमापं तपासणं. सत्तावीस वर्षं झाली. दुकानात जायचं, काट्यावर आपलं वजन ठेवायचं, काटा बरोबर असला तर शिक्का, नसला तर नोटीस. दोन ग्रॅम इकडचे तिकडे झाले तरी मला लांबून कळतं. आणि माझ्याच घरात, माझ्याच मापातली मिनिटं रोज गळतायत आणि मला भोक सापडत नाही!

तुम्ही म्हणाल, या वयात हे जॅझ कुठून काढलं? तर ते जनावरांच्या डॉक्टरांमुळे. त्यांच्या दवाखान्यात कुत्री तोलायचा काटा तपासायला गेलो, तर आतून असा काही आवाज आला, मला वाटलं कुणाला तरी भूल कमी पडली. बघतो तर डॉक्टर ट्रंपेट वाजवतायत आणि टेबलावरचं मांजर ऐकतंय! मी विचारलं, हे काय आहे? सूर तर वेळेवर येत नाही, जरा मागून येतो, आणि तरी चुकल्यासारखं का वाटत नाही? डॉक्टर म्हणाले, "तीच तर मजा आहे, साहेब!" झालं. मला एकदा का प्रश्न पडला की मी गेलो कामातून. पुढच्या गुरुवारी मी डॉक्टरांच्या सरांच्या दारात.

सरांकडे आम्ही सहा विद्यार्थी. सहा जणांचा मिळून एक ताफा, पियानोवर सर. वाचनालयाच्या हॉलमध्ये दोन महिन्यांनी कार्यक्रम ठरला, आणि सर मला म्हणाले, "मधली बारा घरं तुम्ही एकट्यानं वाजवायची." घर म्हणजे काय, तर चार ठोक्यांचा एक खण, तसे बारा. "सूर मी लिहून देतो. पुढं कधीतरी स्वतःच्या मनानं वाजवाल, आधी एक गोष्ट तरी हातात बसू दे. नाहीच बसली, तर डॉक्टर वाजवतील."

आता तुम्हाला खरं सांगतो. मी कुठल्याही दुकानात शिरलो की माणसं गप्प होतात. हसणारा हसायचा थांबतो, बोलणारा पाठ फिरवतो. सत्तावीस वर्षं मी ही शांतता ऐकतोय. मला फार वाटलं हो, की एकदा, एकदा तरी मी थांबल्यावर लोकांनी आवाज करावा. टाळ्याच म्हणत नाही, नुसतं "अरे वा" चाललं असतं. म्हणून ती बारा घरं मला हवी होती. डॉक्टरांना काय, त्यांना मांजरंसुद्धा ऐकतात.

पण चाळीस मिनिटं जातात कुठं?

शेवटी हा प्रश्न आमच्या हिनं हातात घेतला. ही अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स. हिच्या हातात पेन आलं की समोरचा माणूस रुग्ण. म्हणाली, "तुम्ही वाजवा. मी नोंद ठेवते." दाराशी स्टूल टाकून बसली. सात चाळीसला कागद माझ्या हातात. वाचून दाखवतो, अजून खिशात आहे...

"सात वाजता, वाद्य बाहेर. सात दोन, रीड, म्हणजे वाद्याच्या तोंडाची वेताची पट्टी, ओली करायला जिभेवर. सात सहा, रीड जिभेवरच, रुग्ण आरशात बघतो आहे. सात अकरा, रीडची जाडी मोजायला ऑफिसच्या बॅगेतलं यंत्र काढलं. सात सतरा, पहिला सूर. सात एकोणीस, हा सूर उदास का वाटतो असा प्रश्न नर्सला विचारला. नर्सनं घड्याळ दाखवलं. सात तेवीस, तोच प्रश्न."

आणि खाली तक्ता! पहिलं घर, त्रेपन्न वेळा. दुसरं, एक्केचाळीस. तिसरं, पंचवीस. चौथं, नऊ. पाचवं, दोन. सहा ते बारा... हालचाल नाही! प्रत्यक्ष वादन, साडेपाच मिनिटं!

साडेपाच! अहो, एखाद्या दुकानदारानं चाळीसच्या जागी साडेपाच दिले असते तर मी त्याचा काटा जप्त केला असता! आता स्वतःला काय करू?

गुरुवारी कागद सरांना दिला. सर कागद वाचतायत आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघतोय. वाचून झालं, घडी घातली, म्हणाले, "तुम्ही सराव करत नाही असं मी म्हणत होतो, ते चुकलं. तुमचा सराव पक्का आहे. चुकलं की थांबायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं, याचा! हे तुम्ही आता झोपेतसुद्धा करू शकाल."

मग त्यांनी औषध लिहून दिलं. घड्याळ लावायचं. पहिली दहा मिनिटं शेवटची चार घरं, फक्त तीच, गोगलगाईच्या वेगानं. मग दहा मिनिटं मधली चार. मग दहा मिनिटं सुरुवातीची चार. आणि उरलेली दहा मिनिटं बाराही घरं सलग, पहिल्यापासून, काहीही चुकलं तरी न थांबता. "आणि प्रश्न?" मी विचारलं. "प्रश्न वहीत लिहा. वाजवून झाल्यावर बघू."

आणि काय सांगू तुम्हाला, जमलं हो! जी घरं महिनाभर कधी बघितलीच नव्हती, तिथंच सगळी गंमत! दहाव्या घरात एक सूर आहे, सरळ लावला तर काही नाही, पण ओठ जरा सैल सोडला ना, की तो थोडा खाली झुकतो, उसासा टाकल्यासारखा. तिसऱ्या दिवशी तो माझ्या हातून झुकला. मी थांबलो आणि ओरडलो, "ऐकलंस का?" ही स्टुलावरून म्हणाली, "ऐकलं. थांबू नका!" शेजारच्या आजींनी त्या दिवशी भिंतीवर थापटलं, ते चक्क ठेक्यात. दहा दिवसांनी हिनं कागदावर लिहिलं, "रुग्ण बरा आहे, नोंद बंद," आणि स्टूल उचलून घेऊन गेली.

तिथं घात झाला.

कारण तीस मिनिटं झाली की मी इतका खूश असायचो, इतका खूश, की मला राहवायचंच नाही. शेवटची दहा मिनिटं मी आत जाऊन हिला सांगत बसायचो, की सराव एकाग्र झाला म्हणजे नेमकं काय होतं, वेग कमी केला की कान कसा उघडतो, आपण उगाच कसे चाळीस चाळीस मिनिटं वाया घालवतो... ही पालेभाजी निवडत "हं, हं" करायची. बाराही घरं सलग? ती राहून गेली. सरांकडेही तुकडेच ऐकवायचो, सर खूश, मी खूश, आणि ताफ्याच्या एकुलत्या एका तालमीला मला ऑफिसनं पेट्रोल पंपावर पाठवलं.

कार्यक्रमाचा दिवस. दुपारची वेळ, हॉल भरलेला. पहिल्या रांगेत ही, तिच्या शेजारी भिंतीवाल्या आजी. ड्रमवर आमचे बेकरीवाले, कणीक मळून मळून मनगट असं मऊ झालंय त्यांचं! डॉक्टरांचं वाजवून झालं, सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली, मी श्वास घेतला, वाद्य तोंडाला लावलं... आणि बोटं गेली. कुठं गेली? जिथं रोज आधी जायची तिथं! नवव्या घरात!

शेवट वाजवला हो मी! सगळ्यात आधी शेवट! आणि वाजवला पण कसा, बिनचूक! दहाव्या घरातला सूर असा काही झुकला की पहिल्या रांगेतल्या आजींनी छातीला हात लावला. बेकरीवाल्यांना वाटलं, संपलं वाटतं, त्यांनी मोठी झांज हाणली... धाडदिशी! सगळे थांबले. आता शहाण्या माणसानं काय करावं? थांबावं ना? पण मला तर थांबू नका म्हणून सांगितलेलं! शेवट झाला की मग काय? मधली चार. लागलो वाजवायला. बेकरीवाले दचकून परत सुरू, सरांचा चष्मा नाकावर, त्यांचे हात माझ्यामागं धावतायत. मधली झाली की मग? पहिली चार! तीही चोख! आणि चौथं घर संपलं, तसा मी थांबलो. माझं झालं होतं.

शांतता. कशी असेल टाळी? मी थांबलो कुठं, तर गाणं जिथं सुरू होतं तिथं! सगळा हॉल माना पुढं काढून बसलाय, आता पुढं काय येतंय बघू. मी लोकांकडे बघतोय, लोक माझ्याकडे. ती जी दुकानातली शांतता ना, तीच, पण दोनशे माणसांची! एवढं वाईट वाटलं तुम्हाला सांगतो, डोळ्यात पाणी आलं. शेवटी डॉक्टरांनीच ट्रंपेट उचललं आणि गाणं मार्गी लावलं.

पडद्यामागं मी सरांसमोर उभा. म्हटलं, "सर, चुकलं." सर म्हणाले, "चुकलं कुठं? एक सूर चुकला नाही. ज्या क्रमानं सराव केलात त्याच क्रमानं वाजवलंत. तीस वर्षं शिकवतोय, सराव इतका तंतोतंत लागू पडलेला मी बघितला नाही."

"मग आता? पुढच्या महिन्यात परत कार्यक्रम आहे. मी सुलट्याचा सराव सुरू करू?"

सर घाबरले! हात धरला माझा. म्हणाले, "नको! तुम्ही काही करू नका! तुम्हाला सुलटं करण्यापेक्षा बाकीच्या पाच जणांना उलटं करणं मला सोपं जाईल."

आणि केलं हो! पाचही जण एका आठवड्यात शिकले. कालची तालीम उत्तम झाली, एकदाही थांबावं लागलं नाही... फक्त मला तेवढी पहिली चार घरं चुकायला लागलीत, कारण ती आता शेवटी येतात, आणि सरावात शेवट आला की मी उठून हिला सांगायला आत जातो.