सावकाश बरं करणारा

शिवणकामवाली बाई हाडांच्या डॉक्टरांकडे तपासणीला आली होती. नवा गुडघा घेऊन आज ती पहिल्यांदाच काठीशिवाय जिना चढली होती, आणि कधी एकदा कुणाला सांगते असं तिला झालं होतं. शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सासूचाही गुडघा नवाच, पुढ्यात वॉकर.

"आई, व्यायामाला चौकातल्या फिजिओकडेच जाऊ या. रडवतो म्हणे, पण माणूस धावायला लागतो."

"मला कुठं धावायचंय? ती घरी येणारी मुलगी बरी. हात मऊ आहे तिचा."

"ती नुसत्या गप्पा मारते. गुडघा आखडला म्हणजे?"

"आखडू दे थोडा."

"असं काय बोलता? जिना चढता यायला नको? तुमच्या घराला लिफ्ट नाही."

"माझ्या घराला?"

"म्हणजे... बरं वाटल्यावर जाणारच ना तुम्ही? आमच्याकडे तुम्हाला करमत नाही."

"असं मी कधी म्हटलं गं?"

"हे म्हणतात."

"तो म्हणतो होय."

सुनेला फोन आला, ती बाहेर गेली. सासू शिवणकामवालीकडे वळली.

"तुम्ही कुणाकडे जाता हो व्यायामाला?"

"चौकातल्याकडेच."

"लवकर बरं करतो?"

"छे हो! नुसतं नाव मोठं. गोगलगायीसारखं चाललंय माझं."

"खरंच? मग त्याच्याकडेच जाते. सुनेचंही मन राखल्यासारखं होईल."

"अहो, नाही, म्हणजे..."

तेवढ्यात आतून हाक आली. शिवणकामवाली खुर्चीला धरून उठली आणि दारापर्यंत लंगडत गेली.