सरांच्या वेलीचा बाक

नाव: ओतारीमामा, याच नावाने ओळख. वय ५८. धंदा: ब्राँझचे ओतकाम. राहणार: ओतशाळेच्या वरची खोली.

ठाण्यात बोलावल्यावरून हजर राहून सांगतो की, मी व माझी पत्नी झाडापानांच्या आकाराची ब्राँझची बाके, खुर्च्या व मेजे बनवतो. पत्नी मेणाचे नमुने करते, ओतकाम मी करतो.

तक्रारदार हे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना आम्ही सर म्हणतो. चार महिन्यांपूर्वी ते एक वेल कुंडीसह घेऊन आले. ती त्यांच्या मयत पत्नीने लावलेली होती. बाकाच्या पाठीवर हीच वेल हुबेहूब पाहिजे, असे ते म्हणाले. जाताना त्यांनी कुंडीला पाणी किती घालायचे ते दोनदा सांगितले.

पाने फार पातळ होती, मेणात शिरा उतरेनात. खरे पान साच्यात घालून साचा भट्टीत तापवला, की पान जळून जाते व त्या पोकळीत ब्राँझ ओतता येते. आमच्या धंद्यात हे सर्वांना माहीत असते. सर भूगोल शिकवत असत.

पत्नी म्हणाली, "अहो, सरांना विचारलंत का?"

मी म्हणालो, "हुबेहूब पाहिजे म्हणालेत ना? मग विचारायचं काय त्यात?"

बाकाची पाठ लांब असल्याने वेल बुंध्यापासून कापावी लागली. पुन्हा फुटेल असे वाटून मी कुंडीत रोज पाणी घातले. फुटली नाही. अशा रीतीने वेल मी जाळली.

बाक न्यायला सर आले तेव्हा त्यांनी एकेक पान हाताने पाहिले. एका पानाला भोक होते. ते हसून म्हणाले, "या किड्याला आमच्या हिने अर्धा तास शिव्या घातल्या होत्या, मामा. तोही आला की बाकावर!" नंतर म्हणाले, "चला, आता माझी वेल द्या."

मी म्हणालो, "दुसऱ्या कारखान्यात ठेवलीय, आणून देतो." हे खोटे होते. त्यानंतर ते नऊ वेळा आले. मी नऊ कारणे दिली. पत्नीने त्या दिवसांत माझ्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले. शेवटी, मी वेल लांबवली, अशी तक्रार सरांनी दिली.

चोरीला गेलेली वस्तू परत मिळू शकते. सर सध्या बाहेर त्याच आशेवर बसले आहेत. हा जबाब त्यांना ठाण्यातून कोणी वाचून दाखवू नये. मी स्वतः जाऊन सांगतो, एवढी विनंती आहे.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला. लिहिताना 'वेल नष्ट झाली' असे आले होते. ते खोडून माझ्या सांगण्यावरून 'वेल मी जाळली' असे केले. आता बरोबर आहे.