कार्बनचे चार हात

तुझ्या पोराला ऑरगॅनिक केमिस्ट्री जड जातंय ना? मग आमच्या ताईची युक्ती सांग त्याला. कामोठ्याच्या क्लासमधले सर म्हणायचे, पाठ करू नका, भिजवलेले वाटाणे टूथपिकने जोडून रेणू बनवा. आई तिच्यासाठी रोज मूठभर वाटाणे भिजत घालायची आणि ताई जोडता जोडता आईलाच सगळं समजावून सांगायची.

बारावीत असतानाच ताई डेंग्यूने गेली. तेरावं झालं, तरी सकाळी ओट्यावर वाटाणे भिजलेले! बाबांनी त्यातले दोन वाटाणे टूथपिकने जोडले आणि मला विचारलं, "बरोबर हाय का रं?"

मी तोंड उघडायच्या आत आई भाकरी थापता थापता म्हणाली, "नाय. कार्बनला चार हात असतात. याचे तीन रिकामेच हायेत."